चौथी चौकट

केप ब्रेटनमधलं आमचं वर्तमानपत्र
बारा पानांचं, त्यातलं दीड पान निधनवार्तांचं.
माझं टेबल जिन्याखाली.
वाचकांची पत्रं उघडायची, तारखेचा शिक्का मारायचा,
शिव्या पेन्सिलीनं खोडायच्या.
एकोणीस वर्षं हेच.

मार्चमधल्या एका मंगळवारी
टोबायसची होडी पोचली.

चव्वेचाळीस वर्षं नुसती निघत होती ती.
रोज चार चौकटी.
पहिलीत दोर सुटायचा,
दुसरीत कुणी उतारू काहीबाही विचारायचा,
तिसरीत बिस्किट नावाचा कुत्रा कान टवकारायचा,
चौथीत धुकं, आणि धुक्यात टोबायसचं एखादं वाक्य.
पलीकडचा काठ कुणीच पाहिलेला नव्हता.
मग म्हाताऱ्या चित्रकाराचा हात थरथरू लागला,
भाच्यानं पेन घेतलं,
आणि तिसऱ्याच आठवड्यात धुकं पुसून टाकलं.
एक धक्का. तीन घरं. दोरीवर वाळत घातलेली चादर.

गुरुवारची टपालाची पिशवी
मला दोन्ही हातांनी उचलावी लागली.

युफेमिया मॅकअ‍ॅस्किल लिहितात:
“माझा नवरा खाणीतून वर आला नाही
त्या वर्षापासून मी ही होडी बघतेय.
कुणाला विचारून पोचवलीत?”

लिअँडर बूद्रो, निवृत्त,
खऱ्याखुऱ्या फेरीबोटीच्या सुकाणूवर तीस वर्षं:
“होडीनं पोचायचं असतं.
न पोचणाऱ्या होडीला आमच्या धंद्यात
वेगळा शब्द आहे.”
त्यावर सहा उत्तरं.
एकासोबत बूद्रोंच्या बोटीचं जुनं वेळापत्रक,
उशीर तेवढा लाल शाईत.

भूगोलाच्या एक बाई चिडल्या ते निराळ्याच गोष्टीवर:
चादर उडतेय पूर्वेला, धुराड्यांचा धूर पश्चिमेला,
हे कसलं गाव?

न्हाव्याकडे, कर्लिंगच्या बर्फावर,
चर्चमधल्या सूपच्या रांगेत
दोन तट पडले,
आणि मधल्या पाण्यात आमचे संपादक.

पाचवीतल्या ऑगस्टीनची एकच ओळ:
“आता कुत्रा खाली उतरणार का?”
उत्तरासाठी तिकीट सोबत.

एक पत्र कुठल्या ढिगात ठेवावं कळेना.
इनिड लिहिते, तिचा भाऊ शुश्रूषागृहात असतो,
नोव्हेंबरपासून अवाक्षर नाही.
ती रोज त्याला चारही चौकटी वाचून दाखवते.
मंगळवारी त्यानं पान हातातून ओढून घेतलं,
बराच वेळ बघितलं, म्हणाला:
“चादर काढा, पाऊस येईल.”
इनिडला काही बाजू घ्यायची नव्हती.
तिला फक्त कुणाला तरी सांगायचं होतं.

शेवटी एक निळं पाकीट.
सही कुण्या भलत्याच माणसाची, पण अक्षर
मी लहानपणापासून फुग्यांत वाचत आलेलं,
फक्त आता कापरं.
“पोराला रागावू नका.
धुक्यात गूढबिढ काही नव्हतं.
मला घरं काढता येत नसत,
छपरं कलायची.
एका सोमवारी घाई होती म्हणून धुकं काढलं,
तर तुम्ही लिहिलंत, किती खोल, किती खोल.
मग मी कशाला बोलतोय?”

दोनदा वाचलं.
छापलं असतं तर भांडण त्याच दुपारी मिटलं असतं.
युफेमियाबाईंनी काय करायचं मग?
आणि बूद्रोंनी, जिंकून?
डब्याखालच्या खणात ठेवलं,
जागा नव्हती असं स्वतःला सांगितलं,
आणि शनिवारी साडेतीन रकाने भांडण लावलं,
भूगोलाच्या बाईंसकट.

काल चौथ्या चौकटीत होडी परत निघाली.
धुकं आहे, पण विरळ, पलीकडचं दिसेल इतपत.
टोबायस काहीच बोलत नाही.
धक्क्यावर, चादरीच्या सावलीत,
पाठ करून बसलेलं काहीतरी लहानसं.

आज पिशवी अजून आलेली नाही.
ऑगस्टीनचं तिकीट मी एका कार्डावर चिकटवलं,
आणि लिहिलं,
उतरला.